रम न घातलेला केक

डिसेंबर उजाडला की मला कलकलांचा वास आठवतो. मी मुसलमान घरातली, पण वसईत वाढलेली. भिंतीला भिंत लागून ख्रिस्ती कुटुंबाचं घर. त्यामुळे नाताळ हा ‘त्यांचा’ सण आहे, हे मला बरंच उशिरा कळलं.

नाताळच्या आठवडाभर आधी शेजारच्या मावशी नारळाच्या दुधात मैदा मळायच्या. आम्ही पोरं भोवती बसायचो. नव्या कंगव्याच्या दातांवर पिठाची गोळी दाबून वळली की शिंपल्यासारखा कलकल तयार. गोठ्यात हिरवळ हवी म्हणून वाटीत नाचणी पेरलेली असायची. तिला पाणी घालायचं काम माझ्याकडे.

२५ तारखेला आमच्याकडे ताट यायचं. नेवऱ्या, कलकल आणि केक. मावशी केक दोन करायच्या. एक रम घातलेला, दुसरा बिनरमचा, खास आमच्यासाठी. अम्मीने तसं कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनीच जाणलं होतं. अम्मीही ते ताट रिकामं परत करायची नाही. १९९०च्या दशकात काही वर्षं ईद त्यांच्या उपवासकाळात आली. तेव्हा ईदला त्यांच्याकडे बिर्याणी जायची नाही, फक्त शीरखुर्मा जायचा.

आता मावशी नाहीत. त्यांची मुलं परदेशी आहेत, धाकटा तेवढा इथे. कलकल ऑर्डर देऊन येतात. आमच्याही शेवया पाकिटातल्या. याचं मला फारसं दुःख नाही. त्या गोड आठवणींसाठी मावशी आणि अम्मी रात्ररात्र चुलीपुढे बसायच्या. त्यांना कुणी विचारलं होतं का, दमलात का म्हणून? पदार्थ बदलले, तर बदलू द्यावेत.

काळजी वेगळीच आहे. मागच्या नाताळात माझ्या लेकीने मोबाइलवर काहीतरी पाहून विचारलं, “अम्मी, त्यांच्या सणाचं आपल्याला चालतं का?” मी चमकले. आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच उमटला होता.

मी तिला कुरआन उघडून दाखवलं. एकोणिसाव्या सूरहचं नावच ‘मरियम’. कुरआनात नावाने उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. हजरत ईसा आमचेही पैगंबर. त्यांना देवपुत्र मानणं ही ख्रिस्ती श्रद्धा. आमची तशी नाही. हा फरक अम्मीलाही ठाऊक होता आणि मावशींनाही. फरक ठाऊक होता म्हणूनच केक दोन व्हायचे. सूरह माइदाने ग्रंथधारकांचं अन्न आपल्याला हलाल ठरवलंय. दारू मात्र वर्ज्य. मग शेजाऱ्याच्या ताटाची भीती कशाला?

पण दोष सगळा मोबाइलवर ढकलणं सोपं आहे. खरं सांगायचं तर आधी कमी पडले ती मीच. दोन वर्षं ईदला मी त्यांच्या घरी शीरखुर्मा पाठवला नव्हता. ‘हल्ली सगळ्यांना शुगर असते’ असं स्वतःला समजावलं. खरं कारण आळस. ताट यायचं-जायचं थांबलं की मधल्या रिकाम्या जागेत संशय येऊन बसतो. माझ्या लेकीचा प्रश्न त्याच जागेतून आला होता.

आणि त्याच संध्याकाळी मावशींची सून दारात. हातात बेकरीचा खोका. आत यायच्या आधीच म्हणाली, “ताई, यात रम नाही हं. बेकरीत विचारून घेतलंय.”

मला बोलायला सुचेना. मावशींचा कंगवा गेला, चूल गेली, घरचा केक गेला. पण समोरच्याला काय चालतं, हे आधी विचारून घेण्याची रीत सुनेने सांभाळली होती. परंपरा म्हणतात ती हीच.

लेकीने केक खाल्ला. खोका रिकामा परत कसा करायचा, म्हणून मी त्यात घरच्या नानखटाया भरल्या. येत्या ईदला शीरखुर्मा घेऊन लेकच जाणार आहे. शेवया पाकिटातल्या असल्या तरी चालतील.