कूस बदलल्याची नोंद

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडापाशी आधी दिसते ती नुसती लाली. बोटाने दाबूनही ती फिकी पडत नाही, हीच तिची खूण. सावळ्या कातडीवर तीही चटकन दिसत नाही. हात लावावा, तर जागा गरम किंवा घट्ट लागते. हाड आणि गादी यांच्यात चेपलेल्या मांसाचं रक्त अडलेलं असतं. ही शय्याव्रणाची पहिली पायरी. चौथीला जखमेतून हाड दिसू शकतं.

घरची माणसं मायेनं तेल चोळतात, खाली रबराची रिंग सरकवतात. चोळल्यानं आतलं मांस आणखी दुखावतं, रिंगची कड भोवतालचं रक्त अडवते. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

रुग्णालयात तरी काय वेगळं? अनेक वॉर्डांत जखम कोणतीही असो, ट्रे तोच: हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडीन, वर कोरडा गॉज. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की पॉलिथिनखाली ओलसर राहिलेली जखम उघडीपेक्षा साधारण दुप्पट वेगानं कातडी धरते. वाळलेला गॉज ओढून काढताना मात्र नुकती भरू लागलेली जखमच सोलली जाते.

म्हणून ड्रेसिंग जखम पाहून ठरवावं. कोरडीला ओल देणारं हायड्रोजेल, फार पाझरणारीला स्राव शोषणारं अल्जिनेट किंवा फोम. संसर्ग असेल तर काही दिवस चांदीयुक्त किंवा आयोडीनचं ड्रेसिंग. मेलेलं काळं मांस बहुधा काढावं लागतं. पण टाचेवरची कोरडी, घट्ट बसलेली खपली सहसा तशीच राहू द्यावी.

हे परवडणार कुणाला, हा प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर आणि कलमासाठी कातडी काढलेल्या जागांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरलं. ते स्वस्त, जखमेला न चिकटणारं. खोल शय्याव्रणाला ते उत्तर नव्हे. पण चिकटू न देण्यासाठी दरवेळी महागडी वस्तूच लागते असं नाही, हे त्यातून दिसतं.

आणि ड्रेसिंग कितीही उत्तम असो, रुग्ण त्याच जागेवर पडून राहिला तर जखम भरायची कशी? कूस बदलणं, टाचा गादीपासून उचलून ठेवणं, पुरेशी प्रथिनं देणं हे उपचारच आहेत. तरीही केसपेपरवर प्रतिजैविकाची वेळ असते, कुशीची नसते. रुग्ण दाखल होताच 1987 पासून उपलब्ध असलेल्या ब्रेडन मापनाने शय्याव्रणाचा धोका मोजावा, त्यानुसार कूस बदलण्याच्या वेळा ठरवाव्यात आणि प्रत्येक वेळी सिस्टरची सही व्हावी. त्यासाठी रात्रपाळीला पुरेशा सिस्टर आणि मावशी नेमणं ही प्रशासनाची जबाबदारी आहे. घरी सोडताना नातेवाइकांकडून कूस बदलण्याचा सराव वॉर्डातच करून घ्यावा.