अक्षविद्या आणि पोकर

औंढा नागनाथाचे मंदिर धर्मराजाने वनवासात बांधले, अशी हिंगोली जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. तो वनवास द्यूतामुळे ओढवला, हे लहान मूलही जाणते. त्यापुढचा एक प्रसंग मात्र क्वचितच सांगितला जातो. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळराजाची कथा ऐकवतात आणि अखेरीस त्याला अक्षविद्या देतात. द्यूताची आवड होती, पण ते खेळण्याचे कसब नव्हते, असा हा राजा. ऋषींनी त्याला केवळ उपदेश करून सोडले नाही. खेळाचे मर्मच त्याच्या हाती दिले.

हे स्मरण्याचे निमित्त पोकर. सणासुदीला बसणारा तिरटचा फड मराठवाड्याला नवा नाही. भ्रमणध्वनीवरून तरुणांपर्यंत पोहोचलेला ‘टेक्सास होल्डेम’ हा पोकरचा प्रकार मात्र वडीलधाऱ्यांना अपरिचित आहे. जो खेळ आपल्याला कळत नाही, त्याविषयी केलेला उपदेश मुले ऐकून घेतात, मानत नाहीत.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पाने उपडी मिळतात. ती ज्याची त्यालाच दिसतात. क्रमाने येणाऱ्या दोघांना पाने पाहण्यापूर्वीच ठरावीक रक्कम मांडावी लागते. पहिली बोली झाली की मध्यभागी तीन पाने उघडतात, मग चौथे, मग पाचवे. ही पाच सर्वांची सामाईक. प्रत्येक टप्प्यावर समोरच्याइतकी रक्कम घालावी, ती वाढवावी किंवा पाने टाकून बाजूला व्हावे. अखेरीस आपली दोन आणि सामाईक पाच अशा सातांतून ज्याची पाच पाने भारी, त्याचा डाव. तिरटात ओळीची पाने एकाच रंगाच्या पानांहून भारी मानतात. येथे उलट आहे, कारण पाच पानांत एक रंग जमणे अधिक दुर्मीळ. बाकी सर्वांनी पाने टाकली, तर उरलेला एकटा आपली पाने न दाखवताच सारी रक्कम उचलतो. हलक्या पानांवर मोठी रक्कम लावून दुसऱ्याला घाबरवण्याची खुमारी येथेच आहे, आणि गळही येथेच आहे.

यात कौशल्य नाही, असे म्हणू नये. हाती दोन एक्के येण्याचा योग २२१ डावांत सरासरी एकदा. उरलेल्या डावांत केव्हा थांबावे, हे कळणे कौशल्याचेच. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कौशल्याची बाजू ग्राह्य मानली, तर २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवले. पण कौशल्य तर शकुनीकडेही होते! प्रश्न आपल्यासमोर कोण बसले आहे, हा आहे. हळदीची पट्टी हाती आलेल्या घरातील मुलगा पडद्यापलीकडच्या ज्या अनोळखी माणसाशी खेळतो, तो कदाचित दहा वर्षे हेच करीत असतो. शिवाय खेळविणारा डावामागे आपला हिस्सा कापतो, तो वेगळाच.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. हे स्वागतार्ह आहे. त्यात केवळ खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे त्याहून महत्त्वाचे. घरी पालकांनी ते मुद्दाम सांगावे. कर्ज लपवून बसलेल्या मुलाला तोंड उघडण्यास तेवढा आधार पुरतो. मात्र कायद्याने गावातला फड उठत नाही, आणि गोव्यात मांडवीतील कॅसिनोच्या बोटीही त्याने हललेल्या नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. सुटीच्या दिवशी सहा तरुणांना बसवावे, प्रत्येकाला वीस चिंचोके द्यावेत आणि हा खेळ रीतसर शिकवावा. पैसा मध्ये आणू नये. खेळविणाऱ्याचा हिस्सा म्हणून प्रत्येक डावातून एक चिंचोका डबीत टाकावा आणि त्याविषयी काही बोलू नये. एकशेवीस चिंचोक्यांपैकी साठ डावांनंतर निम्मे त्या डबीत असतात. उरलेले कोणाकडे किती, ते मुले स्वतःच मोजतील.