गालगुंड, लस आणि वंध्यत्वाची अफवा

जानेवारी २०२१ मध्ये करोना प्रतिबंधक लशींच्या आपत्कालीन वापरास परवानगी जाहीर करताना देशाच्या औषध महानियंत्रकांना एक वेगळाच खुलासा करावा लागला होता. लस घेतल्याने पुरुष नपुंसक होतात, या बोलण्यात काडीचेही तथ्य नाही, असे त्यांना पत्रकारांना सांगावे लागले. अफवा नवी नव्हती. पल्स पोलिओच्या डोसाबद्दल उत्तर प्रदेशात हीच कुजबुज ऐकू येत असे आणि २०१७ पासून राबवलेल्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेलाही ती काही राज्यांत आडवी आली. नपुंसकत्व आणि वंध्यत्व या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचेही भान अशा वेळी कोणाला राहात नाही.

यातील खरी विसंगती मात्र चर्चेतच आली नाही. बालपणीच्या लशींपैकी एकीचा पुरुषांच्या प्रजननक्षमतेशी थेट संबंध आहे, पण तो तिचे रक्षण करण्याचा. ती म्हणजे गालगुंडावरील लस. आणि नेमकी तीच राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाबाहेर ठेवली गेली.

विषाणूसंसर्ग आणि शुक्राणू यांचा संबंध बहुतेक वेळा तापामधून येतो. शुक्राणूनिर्मितीसाठी वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते. शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे फ्लू असो, डेंग्यू असो की करोना, मोठा ताप येऊन गेल्यावर पुढील दोन-तीन महिने शुक्राणूंची संख्या आणि गती घटलेली आढळू शकते. बहुतांशी ती पूर्ववत होते. पाटण्याच्या 'एम्स'मध्ये करोना झालेल्या ३० पुरुषांच्या तपासणीत वीर्यात विषाणू सापडला नाही; वीर्याचा दर्जा मात्र खालावलेला दिसला आणि अडीच महिन्यांनीही तो पुरता सुधारला नव्हता. तीस ही संख्या अगदीच लहान. त्यावरून कायमच्या वंध्यत्वाचे निष्कर्ष काढणे हा उतावीळपणाच ठरेल.

गालगुंडाची गोष्ट वेगळी आहे. लहान मुलांत हा आजार सहसा किरकोळच असतो. गाल सुजतो, घरी लेप लावला जातो, आठवड्याभरात मूल खेळू लागते. परंतु हाच विषाणू वयात आलेल्या मुलाला वा पुरुषाला गाठतो, तेव्हा १५ ते ३० टक्के रुग्णांत तो वृषणात शिरतो. वृषणाभोवतीचे आवरण ताठर असते. आतील सुजेला पसरण्यास जागा मिळत नाही आणि शुक्राणू तयार करणाऱ्या सूक्ष्म नलिका दाबल्या जातात. अशा वृषणांपैकी निम्म्यापर्यंत पुढे आक्रसतात. बहुधा एकाच बाजूला इजा होत असल्याने पूर्ण वंध्यत्व विरळा येते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि शुक्राणूंची संख्या कमी राहणे तितकेसे विरळा नाही. विषाणूवर औषधही नाही. विश्रांती, आधार आणि वेदनाशामके एवढाच उपचार. मूल होत नाही म्हणून पुढे तपासण्या सुरू होतात त्या मात्र पत्नीच्या. नवऱ्याला विशीत गालगुंड झाला होता का, हा प्रश्न बऱ्याच उशिरा विचारला जातो.

मग ही लस वगळली का गेली? गालगुंडाने मृत्यू क्वचितच होतात, म्हणून खर्चाच्या हिशेबात तो मागे पडला. २०१७ मध्ये सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला लस आली आणि केरळसारख्या राज्यात आधी मिळणारी एमएमआर बंद झाली. २०२३च्या अखेरीपासून केरळमध्ये गालगुंडाची मोठी साथ आली, इतर काही राज्यांतही रुग्ण वाढले आणि एमएमआर पुन्हा द्यावी, ही मागणी पुढे आली.

सरकारच्या सावधगिरीमागे एक शास्त्रीय कारण दाखवता येते, ते झटकून टाकण्यासारखे नाही. अर्धवट लसीकरणाने विषाणूचा फैलाव मंदावतो, थांबत नाही. मग लहानपणी हुकलेला संसर्ग तारुण्यात गाठतो, म्हणजे नेमका वृषणांना धोका असलेल्या वयात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ साली ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यात मोठा भरणा महाविद्यालयीन वयाच्या तरुणांचा होता. १९८८ मध्ये तेथे एमएमआर सुरू झाली तेव्हा ही पिढी तिच्या नियमित वेळापत्रकातून निसटलेली होती. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना गोवर-रुबेला लसीकरण ८० टक्क्यांवर टिकवणाऱ्या देशांनीच ही लस घ्यावी, असे सांगते.

पण हाच युक्तिवाद भारतात उलटा लागू होतो. गोवराच्या पहिल्या मात्रेचे प्रमाण येथे ९० टक्क्यांवर पोहोचले आहे. दुसरीकडे, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीनुसार नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षे या वयात खासगी दवाखान्यांतून एमएमआर दिली जातेच, अर्थात ऐपत असलेल्यांच्या मुलांना. म्हणजे ज्या अर्धवट लसीकरणाची भीती दाखवली जाते, ते खासगी बाजाराने केव्हाच घडवून आणले आहे. त्याची जोखीम तेवढी सरकारी केंद्रावर अवलंबून असलेल्या मुलाच्या वाट्याला आली. आणि लस दूरदेशीची नाही. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती अनेक वर्षे तयार करीत आली आहे.