जाळी, जेट आणि जेजुरी

दिवाळी अंकात स्कूटरच्या कार्बोरेटरवर लिहितो आहे, म्हणून कोणी नाक मुरडू नये. ज्या घरात एकेकाळी नंबर लागून स्कूटर आली, तिला झेंडूचा हार पडला आणि पुढे हँडल धरून उभी राहत ज्या घरातली मुले शाळेत गेली, त्या घराला या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. आमची चेतक १९८३ सालची. वडिलांनी ती नोंदवली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि हातात आली तेव्हा माझे लग्न ठरले होते. आता वडील नाहीत, स्कूटर आहे.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागते. आमच्या शेजाऱ्यांनी गच्चीवर दुधी लावला, मी स्कूटरच्या मागे लागलो. मूळ इंजिन ५७ मिलिमीटर व्यासाचे आणि ५७ मिलिमीटर स्ट्रोकचे, म्हणजे १४५ सी.सी.चे. त्यावर इटलीहून येणारा ६३ मिलिमीटरचा सिलिंडर बसवला की ते १७७ सी.सी.चे होते. मी तो बसवला. ‘‘चला, घरात पेन्शन सोडून काहीतरी वाढलं,’’ एवढेच आमची सौ. म्हणाली.

गेल्या मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जेजुरीला जायचे ठरले. त्याच्या पंधरा दिवस आधी एका मित्राने सल्ला दिला, ‘‘अरे, ती एअर फिल्टरची जाळी काढून टाक. एवढं मोठं इंजिन, त्याला मोकळा श्वास नको का?’’ मला पटले. उजव्या बाजूचे पोट काढायचे, डब्याचे झाकण उघडायचे, दोन स्क्रू सोडायचे की जाळी हातात. इंजिनाचा आवाज असा बदलला की गल्लीतली पोरे वळून पाहू लागली. वेगही वाढल्यासारखा वाटला. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतोच, हे कळायचे वय माझे केव्हाच होऊन गेले होते, पण असो.

पहाटे सहाला निघालो. हडपसर मागे पडले, फुरसुंगी गेले, वडकीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि मी मूठ शेवटपर्यंत पिरगळली. समोर दिवे घाट उजळत होता. मागे सौ., तिच्या मांडीवर डबा. मिनिटभर इंजिन सुरेख गायले. मग त्याचा सूर एकदम कोरडा पडला आणि मागचे चाक जागच्या जागी अडले. स्कूटर पुढे जात होती आणि चाक फिरत नव्हते! डाव्या हाताने क्लच दाबला गेला, तो विचार करून नव्हे, चाळीस वर्षांच्या सवयीने. चाक सुटले. कडेला येतो न येतो तोच मागचा ट्रक हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला, की सौ.चा पदर उडाला.

ती काही बोलली नाही. डबा उघडून पाहिला, झाकण लावले आणि म्हणाली, ‘‘मी बसनं जाते.’’ ती जेजुरीला गेली. अर्ध्या तासाने गार झालेल्या इंजिनाने किक घेतली आणि मी पंचवीसच्या वेगाने घरी आलो.

नाना पेठेत आमचे एक उस्ताद आहेत. त्यांनी सिलिंडर उतरवून पिस्टन माझ्या हातात दिला. एक्झॉस्टच्या बाजूला बोटभर उभे ओरखडे!

‘‘साहेब, मेन जेट किती नंबरचा?’’

‘‘शंभर. मे महिन्यात बसवला. तेव्हा उत्तम चालत होता.’’

‘‘मग मे महिन्याचे कपडे घालून तुम्ही डिसेंबरच्या पहाटे निघालात की!’’

हे त्यांनी पुढे समजावले ते असे. गार हवा दाट असते. इंजिन तेवढेच भांडेभर ओढते, पण भांड्यात हवा जास्त येते. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. पेट्रोलला जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला हे मिश्रण जास्त पाजावे लागते, पण जेटच्या भोकाला हे कोण सांगणार? आणि या दोन्हीवर कळस म्हणजे काढलेली जाळी. जाळी हवेला थोडी अडवते, त्या अडवणुकीमुळे जेटमधून पेट्रोल जोराने ओढले जाते. जाळी गेली की हवा वाढते आणि पेट्रोलची ओढ कमी होते. टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलबरोबरच ऑइल येते. पेट्रोल कमी म्हणजे उष्णता जास्त आणि वंगणही कमी. पिस्टन फुगून चिकटला नसता तरच नवल.

‘‘आणि हे बघा,’’ म्हणत उस्तादांनी बॅटरीचा झोत केसिंगच्या तोंडात टाकला. व्हेस्पाच्या वंशातल्या या इंजिनात क्रँकची फिरती चकतीच हवा आत घेणाऱ्या झडपेचे काम करते. चकती आणि तिची बैठक यांच्यात वहीचा कागदही जेमतेम सरकेल. कार्बोरेटर थेट याच्या डोक्यावर, म्हणजे जाळी नसेल तर रस्त्यावरची वाळू थेट इथे. मी नख फिरवले. पंधरा दिवसांत केसासारख्या दोन रेघा पडल्या होत्या. खोल असत्या तर केसिंगच बाद, आणि केसिंगवर इंजिन नंबर असतो. वडिलांच्या नावाने नोंदलेला तो नंबर मी ज्या खुळापायी घालवणार होतो, ते खूळ मला त्या क्षणी फार शहाणपणाचे वाटले नाही.

आता प्रश्न आला कार्बोरेटरचा. आमचा २० मिलिमीटरचा. २४ चा येतो, तोही त्याच डब्यात बसतो. त्याहून मोठा २८ चा हवा तर डबाच काढून वेगळी नळी आणि बाहेर लोंबणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर. धाकट्या चिरंजीवांचे मत २८ चे होते. चिरंजीव स्वतः बसने ऑफिसला जातात.

मोठा घसा म्हणजे मोठी ताकद हे शर्यतीत खरे. बागेत पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात जाते आणि सोडला की पाणी पायाशी पडते. घशातून हवा वेगाने गेली तरच ती पेट्रोल नीट ओढून बारीक फोडते. लक्ष्मी रोडच्या गर्दीत दुसऱ्या गियरवर रांगणाऱ्या गाडीला २८ चा घसा म्हणजे पायाशी पडणारे पाणी. शिवाय तो उघडा फिल्टर चाकाच्या चिखलात आणि पावसात. २४ चा चांगला, पण त्यासाठी केसिंगचे तोंड कानशीने मोठे करायचे आणि टाकीच्या नळातून पेट्रोल पुरेसे येते की नाही हेही पाहायचे. दोन माणसांना जेजुरीला नेणाऱ्या १७७ सी.सी.ला २० चा पुरतो. मी तोच ठेवला, जाळी परत लावली. जाळीत जेटच्या बरोबर वर उस्तादांनी दोन भोके मात्र पाडली, एक मोठे, एक लहान, म्हणजे जेटला सरळ हवा मिळते.

जेटचा नंबर म्हणजे मिलिमीटरचे शतांश. १०० म्हणजे बरोबर एक मिलिमीटर, १०५ म्हणजे १.०५. फरक केसाइतकाही नाही, पण भोकाचे क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढते. म्हणून जेट तारेने कधीही टोचू नये, फुंकर मारावी. (मी एकदा स्टोव्हच्या पिनेने साफ केला होता. पुढे महिनाभर आमच्या मागे धुराची वरात असे.) आणि नेहमी मोठ्याकडून लहानाकडे यावे. ११५ वर गाडी पूर्ण मूठ पिळल्यावर भकभक करू लागली. दोन-दोन नंबरांनी खाली येत १०९ वर ती स्वच्छ ओढू लागली. दर वेळी सोलापूर रस्त्यावर जायचे, पूर्ण मुठीवर क्लच दाबून इंजिन बंद करायचे आणि कडेला थांबून प्लग काढून पाहायचा. पांढरा पडला तर संकट, काळा ओला तर पेट्रोलची उधळण, चहाच्या गाळासारखा तांबूस हवा. माझा १०९ तुम्ही डोळे मिटून घेऊ नका. तो माझ्या गाडीचा आहे.

एवढ्या सगळ्यात सौ. शिकली ते मात्र मला ठाऊक नव्हते. यंदाही चंपाषष्ठीला जेजुरी ठरली आहे. काल संध्याकाळी ती हातात चकल्यांचा झारा घेऊन अंगणात आली आणि म्हणाली, ‘‘ते झाकण उघडा. जाळी दिसल्याशिवाय मी डबा भरणार नाही.’’ मी उघडले. तिने वाकून पाहिली, आणि म्हणाली, ‘‘आता प्लग.’’