गिटारची मान आणि हाताचा मान

'श्रमप्रतिष्ठा' हा आपल्या वक्तृत्व स्पर्धांतला ठरलेला विषय आहे. गेल्या वर्षी मीही त्यावर बोललो आणि टाळ्याही मिळवल्या. आज मात्र मला त्या भाषणाची लाज वाटते. मी ते पाठ करीत होतो तेव्हा माझे वडील पडवीत दाराची चौकट तासत होते, आणि आवाजाने लक्ष लागत नाही म्हणून मी त्यांना काम थांबवायला सांगितले होते. त्यांनी ते थांबवलेही!

आमचे घराणे सुताराचे. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. दहावी झाल्यापासून आप्पांनी मला हत्यारांना हात लावू दिलेला नाही. "माझी बोटं बघ आणि पुस्तक उघड," एवढेच ते म्हणत. अशा घरात गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बास गिटार करायला घेतली.

निमित्त स्नेहसंमेलनाचे होते. आमच्या मित्रमंडळाच्या वाद्यवृंदात गिटार होती, ढोलकी होती. पण खालच्या सुरांचा आधार नव्हता आणि विकत घेण्याची ऐपत नव्हती. अमेरिकेत फेंडरने १९५१ साली जी बास गिटार काढली, तिच्या तारेची लांबी ३४ इंच. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीमुळे प्रसिद्ध झालेली जर्मनीची हॉफ्नर मात्र ३० इंची. मी आखूड माप निवडले. बोटांना अंतर कमी पडते. शिवाय तीच तार त्याच सुरात लावली तर ३० इंचांवर तिचा ताण ३४ इंचांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी भरतो. तरीही चार तारांचा मिळून ओढा पन्नास-साठ किलोच्या घरात जातो. म्हणजे एक माणूस त्या मानेला रात्रंदिवस लोंबकळत असतो म्हणा ना! वाद्याचे धड कुठल्याही बऱ्या फळीचे चालते. खरी परीक्षा मानेची.

पहिली मान मी वखारीतून आणलेल्या सागाच्या तुकड्याची केली. दिसायला सुरेख होती. तारा चढवल्या आणि आठ दिवसांत ती धनुष्यासारखी वाकली. आप्पांनी लांबूनच पाहिले आणि म्हणाले, "ते लाकूड न्हाई, अजून झाडच हाय." ओल मुरलेली नव्हती आणि रेषाही तिरका होता. मग पाडलेल्या एका जुन्या वाड्यातली सागाची तुळई मिळाली. आप्पांनीच सांगितले, "उभ्या तीन पट्ट्या कर. मधली उलटी लावून चिकटव. एकीला बाक यायला लागला तर दुसरी तिला धरती." आत खाच पाडून मी आटे पाडलेली लोखंडी सळई बसवली. नट पिळला की ती तारांच्या ओढ्याला उलटा ताण देते. मानेतल्या अशा सळईचे पेटंट गिब्सन कंपनीच्या थॅडिअस मॅक्ह्यू यांना १९२३ साली मिळाले होते.

दुसरी मान सरळ राहिली, पण बेसूर निघाली. पडद्यांचे गणित मी नीट केले होते. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी व्हायला हवी. त्यासाठी उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचे. ७६२ मिलिमीटर लांबीत पहिले अंतर ४२.७७, दुसरे ४०.३७, असे करीत बारावा पडदा ३८१ वर येतो. वहीत तो तिथेच आला. लाकडावर मात्र चार मिलिमीटर चुकला. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवता येतात. गिटारचा पडदा खाचेत ठोकलेला. चुकला की फळी गेली.

मी डोक्याला हात लावून बसलो होतो. आप्पांनी विचारले, "माप कसं घेतलंस?" मी सांगितले, पहिल्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा. ते हसले. "खिडकीचं गज असं बसवलं तर शेवटचा भिंतीत जाईल. सगळी मापं एकाच टोकापासनं घ्यायची. न्हाईतर एक चूक दुसरीच्या खांद्यावर बसती."

मित्रहो, हे वाक्य मला कोणत्याही पुस्तकात भेटले नव्हते. तिसरी मान मी त्याप्रमाणे केली. आप्पांनी ती उचलून एक डोळा मिटून टोकाकडून पाहिली आणि "ठीक हाय" म्हणाले. नंतर हळूच विचारले, "ते सतरा पूर्णांक काय ते कुठनं काढलंस?" मी त्याच फळीवर पेन्सिलीने मांडून दाखवले. ते त्यांना माहीत नव्हते. एकाच टोकापासून मोजणे मला माहीत नव्हते. दोन्हींवाचून मान झाली नसती.

म्हणून मला वाटते, आपण 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द काही दिवस बाजूला ठेवावा. त्यात वरून खाली पाहण्याचा एक सूर आहे. कष्टकऱ्याला आदर देऊन आपण मोकळे होतो, पण त्याला काही विचारीत नाही. कारागिराच्या कामात तर्क आहे, अनुभवाने तपासलेले नियम आहेत, आणि चुकीची शिक्षा तिथे परीक्षेपेक्षा लवकर मिळते. जवळच्या मिरजेत शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतारी, तंबोरे घडवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मिळाले याचा आनंदच आहे. पण दांडीचे लाकूड किती वर्षे मुरवतात आणि का, हे त्यांना विचारायला आपल्यापैकी किती जण गेले?

आप्पांचे मला हत्यारांपासून दूर ठेवणे चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. त्यांनी ज्या अपमानांच्या वाटेवरून मला उचलले, ती वाट मी चाललेलो नाही. पण शिक्षण घेताना घरचे ज्ञान उंबऱ्याबाहेर ठेवावे लागत असेल, तर आपण एका हाताने मिळवतो ते दुसऱ्या हाताने घालवतो.

एक सूचना मांडतो. आपल्यातले बरेच जण सुतार, लोहार, कुंभार, विणकर, शेतकरी यांच्या घरांतून आले आहेत. प्रत्येकाने आपल्या घरच्या धंद्यातले शब्द आणि नियम आईवडिलांना विचारून लिहून काढावेत, आणि पुढच्या वर्षीच्या या अंकात त्यांना चार पाने मिळावीत. मराठी विभागाने मनावर घेतले तर हे अवघड नाही. माझी यादी मी सुरू केली आहे. आता आप्पा पडवीत रंधा मारीत असतात, तेव्हा मी वही घेऊन तिथेच बसतो.