गाजर गवत कोणी आणले? पीएल-४८० च्या दंतकथेविरुद्ध

१/ अमेरिकेने पीएल-४८० च्या सडक्या गव्हातून मुद्दाम गाजर गवत धाडले आणि तत्कालीन काँग्रेस सरकारने ते निमूटपणे उतरवून घेतले, ही कथा दर पावसाळ्यात या माध्यमावर नव्याने उगवते. त्यावरून ‘काँग्रेस गवत’ या नावाची व्युत्पत्तीही सांगितली जाते. (पांढऱ्या फुलांना गांधी टोपीची उपमा देणारे दुसरे स्पष्टीकरण त्याहून निरुपद्रवी.) कथा ऐकायला रंजक आहे, मात्र ती कालक्रमाला धरून नाही आणि खऱ्या दोषाला तिने अलगद सोडून दिले आहे.

२/ आधी तारखा पाहू. पीएल-४८० हा अमेरिकी कायदा जुलै १९५४ चा. त्याखाली भारताशी पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. पार्थेनियम हिस्टेरोफोरस पुण्यात आढळल्याची आर. एस. राव यांची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली तीही १९५६ मध्येच. म्हणजे करार व्हायचा, गहू जहाजात चढायचा, मुंबईस उतरून पुण्यास पोचायचा, दाण्यांतले बी उकिरड्यावर रुजून फुलायचे, कोणी ते ओळखून निबंध लिहायचा आणि तो छापूनही यायचा. हे सारे चार महिन्यांत! गवत चिवट असते हे मान्य, पण छापखानेही इतके तत्पर नव्हते.

३/ मग अमेरिकी गहू निर्दोष ठरतो काय? तसेही नाही. १९५१ च्या टंचाईत अमेरिकेने १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर करून सुमारे २० लाख टन धान्याची सोय केली होती. बी त्यातून आले असणे अगदी शक्य आहे. परंतु शक्यता म्हणजे पुरावा नव्हे, आणि हेतू तर त्याहून दूरची गोष्ट. शिवाय विल्यम रॉक्सबर्गच्या १८१४ सालच्या कलकत्ता वनस्पती उद्यानाच्या सूचीत ही वनस्पती असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले. उद्यानात असणे आणि रानोमाळ माजणे यांत फरक आहेच; तरी ‘स्वातंत्र्यापूर्वी या भूमीत नव्हतेच’ हे ठाम विधान तिथे कोसळते.

४/ खरा प्रश्न असा की बंदरावर पहारा कशावर होता? १९०६ मध्येच सरकारने परदेशी सरकी धुरी दिल्याखेरीज बंदरातून आत घेऊ नये असे ठरवले, कारण मेक्सिकोतून टेक्सासात शिरलेला बोंडावरील सोंड्या तिकडचा कापूस फस्त करत होता. पुढे १९१४ चा विनाशक कीटक व उपद्रवी जीव अधिनियम आला. त्याच्या कलम ३ ने आयातीवर बंदी वा निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला दिला आणि कलम ४ ने अंमलबजावणी सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हाती सोपवली. तो सोंड्या भारतात आजतागायत स्थिरावलेला नाही. तेव्हा ‘आपल्याकडे पहाराच नव्हता’ ही सबब चालणार नाही. पहारा होता, तो कापसावर होता.

५/ त्या अधिनियमाचे पूर्ण शीर्षक वाचा. पिकांना घातक कीटक, बुरशी आणि अन्य उपद्रवी जीव. तणाचे नाव नाही. कापसामागे गिरण्या होत्या, पेढ्या होत्या, निर्यात होती. गायरान, रेल्वेचा बांध, गावकुसाबाहेरची पडीक जमीन यांच्या बाजूने सरकारदरबारी बोलणार कोण? गाजर गवताने नेमक्या याच जागा व्यापल्या. एकेक रोप हजारो बिया टाकते, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि ते उपटणाऱ्या मजुरांच्या हातांवर, मानेवर इसब उठते. शिवाय भुकेच्या काळात आयात धान्याकडे अन्न म्हणून पाहिले गेले. ते बियांचेही वाहन आहे, हा विचार मागे पडला.

६/ एक विरोधाभास मला फार बोलका वाटतो. या गवतावर उपाय म्हणून मेक्सिकोतून झायगोग्रामा हा भुंगेरा आणला, तेव्हा त्याला बेंगळुरूत विलगीकरणात ठेवले, तो कोणकोणती पिके खातो हे तपासले आणि मगच १९८४ मध्ये मोकळे सोडले. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याची ओरड होताच चौकशी समितीही नेमली गेली. गवताच्या वाट्याला असली एकही परीक्षा आली नव्हती.

७/ ‘झाले गेले, आता कायदा आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी शेवटची नोंद. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात तणांची स्वतंत्र अनुसूची आहे. आदेश १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. २००६ मध्ये गव्हाचा साठा घटला, आयात करावी लागली, आणि तणबियांविषयीचे निकष गव्हासाठी शिथिल करण्यात आले. त्या आयात गव्हात अँब्रोसिया ट्रायफिडा, सोलॅनम कॅरोलिनेन्स यांसारख्या त्याच अनुसूचीतील तणांच्या बिया सापडल्या. त्या वेळी केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकारच होते आणि या खेपेस निर्णय कागदोपत्री उपलब्ध आहे. पीएल-४८० ची कथा दरवर्षी फिरवणाऱ्या किती जणांनी त्याबद्दल कधी एक ओळ लिहिली?