परसातली पाच प्रेते

कोंबड्या पाळणे हा मराठीच्या प्राध्यापकाचा उद्योग नव्हे, हे मला मान्य आहे. पण आमच्या मातोश्री कोकणातल्या. साताऱ्याच्या या घराला परसू आहे असे कळताच त्यांचा पहिला प्रश्न नळाला पाणी किती वेळ येते हा नव्हता. "खुराडं कुठं बांधायचं?" हा होता. तेव्हापासून सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आमच्या कुटुंबात मोडतात. नावे कन्येने ठेवलेली आहेत; शिधापत्रिकेवर ती नाहीत, एवढेच.

गेल्या वर्षीच्या आश्विनातली गोष्ट. रात्री परतीचा पाऊस कोसळून गेला होता. सहाला आईने खुराडे उघडले आणि सातला मला हाक मारली, "अरे, जरा ये बघू. तांबडी उठत नाही."

धुण्याच्या दगडापाशी तांबडी आडवी झाली होती आणि पलीकडे काबरी. तुरे लालभडक, पीस न् पीस जागच्या जागी. माझ्या डोळ्यांदेखत तिसरीचे पाय लटपटले, चोचीतून लाळ गळू लागली आणि पंख आपटत ती कोसळली. नऊ वाजेपर्यंत पाच गेल्या. उरलेल्यांना कोंडून आई पायरीवर बसली, ती काही बोलेचना.

मी वर्गात ज्ञानेश्वरी शिकवत असलो, तरी माझे बालपण वडिलांच्या ट्रंकेतल्या बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेले आहे. खून म्हटला की खुनी हवा, आणि खुनी तर हाताशीच होता! शेजारचे निवृत्त हेडमास्तर. पहाटे चारला आरवणाऱ्या आमच्या कोंबड्याबद्दल त्यांनी दोनदा तोंडी आणि एकदा लेखी तक्रार केली होती. (लेखी तक्रारीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे मला विशेष झोंबले होते.) तेव्हापासून कोंबड्याला रात्री अडगळीच्या खोलीत कोंडून सकाळी नऊनंतर सोडण्याची व्यवस्था झाली होती. भिंतीपलीकडे ते दिसले मात्र, माझा तोल गेला.

"काय मास्तर, आता झोप निवांत लागेल ना?"

ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी त्या पाच कलेवरांकडे पाहिले आणि आत निघून गेले. गुन्हेगार असेच वागतात, असे मी मनाशी म्हणालो.

एवढ्यात भांडी घासायला मावशी आल्या. "दादा, ताज्याच आहेत की. पुरता कशाला? पोरांना कालवण होईल." मी पिशवी शोधायलाही लागलो होतो. सौभाग्यवतींनी अडवले. "आधी डॉक्टरांना विचारा."

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. आल्याबरोबर त्यांनी आम्हा सर्वांना दूर उभे केले आणि नाकातोंडाला मास्क बांधून हातमोजे चढवले. तोवर माझा दुसरा सिद्धांत तयार होता: मानमोडी. हा शब्द मला फार आवडतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही आपले लोक मानमोडीच म्हणत. कोंबड्यांच्या मानमोडीला सरकारी कागदांवर रानीखेत म्हणतात, कुमाऊंतल्या गावावरून; इंग्लंडात तिलाच न्यूकॅसलचे नाव आहे. रोगाला गाव चिकटले की सुटत नाही.

बाईंना व्युत्पत्तीत रस नव्हता. "मानमोडीत कोंबडी आधी मलूल होते, हिरवट हगते, श्वासाला घरघर लागते, मान पिळवटते. एका तासात पाच जात नाहीत. आणि आजींनी लस वेळेवर दिलेली दिसते." आईने कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या.

"मग बर्ड फ्लू?" मी विचारले. २००६ साली नवापूरला तो देशात प्रथम सापडला होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या त्याने मेल्या होत्या, एवढे मला वर्तमानपत्रांतून ठाऊक होते. "शंका आली तर नमुने भोपाळला पाठवीनच," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही मघापासून मेलेल्यांचंच सांगताय, सर. वाचलेल्यांचं सांगा ना."

वाचलेले जीव तीन. एक खुडूक कोंबडी. ती अंड्यांवरून उठलीच नव्हती. दुसरा कोंबडा, अडगळीच्या खोलीत. आणि एक तलंग.

"ती रोज सकाळी उडून मास्तरआजोबांकडे जाते," कन्या म्हणाली. "ते तिला कण्या घालतात."

मी भिंतीकडे पाहायचे टाळले.

बाईंनी तांबडीच्या गळ्याखालची पिशवी उघडली. ज्वारी, गवत, अर्धे गांडूळ, आणि त्यांत बारीक, एकसारखे खडे. उग्र वास माझ्या नाकापर्यंत आला. तो मी ओळखला.

आठ दिवसांपूर्वी केळीच्या गड्ड्याला किडा लागला म्हणून चुलतभावाने गावाहून दिलेले दाणेदार औषध मी बुंध्याशी टाकले होते. बिस्किटांच्या जुन्या डब्यातून आलेले, चिठ्ठी नाही, नाव नाही. ते निघाले फोरेट. सरकारने २०१८ साली त्यावर बंदीचा हुकूम काढला आणि ३१ डिसेंबर २०२० पासून ते बंद झाले. भावाकडे त्याआधीचे उरले होते. मी वर माती ओढली होती, ती पावसाने धुऊन नेली. कोंबडीला दात नसतात. ती खडे गिळते आणि पोटातल्या जात्यात त्यांनीच दाणे भरडते. खडा समजून तिने हे टिपले. आठवड्यात नवीन काय केले, असे बाईंनी आल्या आल्या विचारले होते. मी "काही नाही" म्हणालो होतो, आणि खोटे बोललो नव्हतो. ते काम माझ्या मनात केळीच्या खात्यावर होते.

"या कोणी नेणार नव्हतं ना खायला?" बाईंनी विचारले. "हे शिजवलं म्हणजे जातं असं नाही."

मावशी नळाशी भांडी विसळत होत्या. त्यांना दोन मुलगे आहेत, धाकटा सहा वर्षांचा. मी तिथेच खाली बसलो.

खोल खड्डा मी स्वतः खणला. संध्याकाळी मास्तरांचे दार वाजवले. ते हातात कण्यांची वाटी घेऊनच बाहेर आले. "तलंग आज परत आली नाही," ते म्हणाले. मी सगळे सांगितले. गृहपाठ न आणलेल्या मुलाचे ऐकावे तसे त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "केळीला शेणखत घाला. आणि त्या कोंबड्याला आता कोंडू नका. राहिलेत किती?"

खुडूक कोंबडीने लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सात पिले काढली. केळीच्या वाफ्यातली माती खरवडून वर जाळी ठोकली आहे. मास्तर चारला उठतात. आई मात्र मला अजून बागेत एकट्याला जाऊ देत नाही.